थंडीच्या नावावर खपवू नका

बसू नका. उभेच राहा. हे जॉब कार्ड पुन्हा नीट लिहून झालं की मग बसायचं.

काय लिहिलंय हे? 'तक्रार : ट्रॅक्टर सकाळी सुरू होत नाही. कारण : थंडी. उपाय : नवीन बॅटरी. तरी न झाल्यास इंजिन काम.' खाली तिघांच्या सह्या. अक्षर सुरेख आहे, त्याबद्दल शाबास. मेकॅनिक डिझेल ट्रेडचं प्रमाणपत्र घ्यायला निघालेली पोरं तुम्ही आणि कारणाच्या रकान्यात हवामान लिहिता? मग वेधशाळेत अर्ज करायचा होता. इथे हातात पाना कशाला धरलात?

निफाडला थंडी पडते हे कळायला तुमची गरज नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर रोज पारा बघतात आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. द्राक्षवाल्याला तर पेपरही लागत नाही. तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवून, ठिबक सोडून बसलेला असतो. पण त्याच गावात, त्याच पहाटे, तेवढ्याच वयाचे दुसरे ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये उठतात आणि ब्लोअर घेऊन बागेत जातात. ते काय स्वेटर घालून झोपतात? लडाखमध्ये हिवाळ्यात गाड्या चालतात. तिकडच्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं. तिथल्या मिस्त्रीने 'कारण : थंडी' लिहून चालेल का? नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, ही म्हण शाळेत शिकलात. तिचा एवढा मनापासून उपयोग कराल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही त्या ट्रॅक्टरवर काय काय केलंत ते मला त्याच्या मालकाकडून, बाबांकडून कळलं. शेतकरी माणूस. तक्रार करत नव्हते, कौतुकाने सांगत होते, "पोरांनी लई खटपट केली हो सर." लई खटपट केलीत, खरंय. आधी सेल्फ मारला. उठला नाही म्हणून आणखी मारला. पोटावर हात धरून गाणं म्हणावं तसा एका दमात मारत राहिलात. मग पेटता बोळा. मग फवारणीचा डबा. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून टोचन. शेवटी बाबांना नाक्यावर पाठवलंत, नवी बॅटरी आणायला. ती बसवली, आणि ट्रॅक्टर तरीही तसाच कुंथत राहिला. तेव्हा तुमच्यातल्या सगळ्यात हुशाराने निदान केलं, "बाबा, इंजिन बसलंय. रिंग-पिस्टन करावं लागेल."

या सगळ्यात धुरांड्याकडे कोणी पाहिलं? हात वर करा.

एकही नाही.

बरं. बाबांना कोणी विचारलं, की बाबा, हे कधीपासून होतंय? मागच्या हिवाळ्यात होत होतं का? दुपारी बंद करून पुन्हा सुरू केला तर लगेच होतो का? मध्यंतरी काय काम केलं होतं? हेही नाही. चार प्रश्न, पैसा लागत नाही, ग्रीस लागत नाही. पण विचारायचं म्हणजे समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि तुम्हाला पाना फिरवायची घाई. मी विचारलं. बाबा म्हणाले, "मागच्या थंडीत असं नव्हतं. दसऱ्याच्या आधी रंग मारला, तवापासून जरा सुस्तावलाय." माणूस उत्तर हातावर ठेवत होता आणि तुम्ही त्यालाच बॅटरी आणायला पिटाळलंत.

आता फळ्याकडे बघा. हे पहिल्या महिन्यात शिकवलंय, तरी पुन्हा सांगतो.

डिझेल इंजिनाला पेटवणारा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं सगळं मर्म यातच आहे, की हवा एवढी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल सोडलं की पेटेल. ट्रॅक्टरच्या इंजिनांत ती दाबणी सोळा ते बावीस पट असते. आपण हिशेबाला सतरा धरू. मे महिन्यातल्या सकाळची ३० अंशांची हवा आत घेतली, इंजिन चांगल्या वेगाने फिरलं, तर दाबणीच्या शेवटी ती ढोबळमानाने ५४० अंशांवर जाते. आता तीच हवा निफाडच्या पहाटेची घ्या, ५ अंशांची. बाकी सगळं तेच. ती जाते ४७५ वर. बाहेर फरक २५ अंशांचा होता, आत ६५ चा झाला. म्हणजे थंडीने आपला हिस्सा घेतला. पण ४७५ ला डिझेल पेटतं की नाही? पेटतं. बिनतक्रार पेटतं.

आता इंजिन रेंगाळत फिरवा. सुरू व्हायला मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे हवेत, ते नाहीत. पिस्टन सावकाश वर येतो. तापू पाहणारी हवा गार लायनरला, गार हेडला उष्णता देत बसते आणि रिंगांच्या फटीतून खाली निसटायला तिला भरपूर वेळ मिळतो. त्याच ५ अंशांच्या हवेचा पुन्हा हिशेब केला तर शेवटी हातात उरतात जेमतेम २९० अंश. डिझेल प्रयोगशाळेत सव्वादोनशेच्या आसपास आपोआप पेटतं खरं, पण तिथे त्याला सवड असते. इथे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत पेटायचंय, आणि नोझलमधून आलेलं गार डिझेल आधी तीच हवा आणखी गार करतं. पेटत नाही. पांढरा धूर होऊन बाहेर येतं.

आता वजाबाकी करा. थंडीने किती नेले? ६५. रेंगाळण्याने किती नेले? १८५. आणि जॉब कार्डवर आरोपी कोण? थंडी!

थंडी काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. ऑइल घट्ट करते, बॅटरीचा जोर कमी करते, हे मान्य. पण जी उणीव मे महिन्यात झाकून राहते तीच जानेवारीत उघडी पडते. उणीव आधीपासून तिथेच असते. आपण शोधायची ती उणीव. कॅलेंडर बघायला मेकॅनिक लागत नाही.

म्हणून आधी धुरांडं. सेल्फ मारताना एकाने तिथे उभं राहायचं. धूर अजिबात येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. मग बॅटरी, रिंग, पिस्टन यांचं नाव काढायचं नाही. स्टॉपची केबल पूर्ण आत गेलीय का ते बघायचं. हसू नका. ओढलेला स्टॉपर गंजलेल्या केबलमुळे अर्ध्यात अडकतो आणि अख्खं गाव सेल्फ मारून दमतं. पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबतोय, कच्च्या डिझेलचा वास आहे, म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडते. पांढराच आहे पण झोंबत नाही, वाफेसारखा आहे आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि हवा कमी म्हटलं की एअर क्लीनरचं भांडं आधी उघडायचं; द्राक्षाच्या गावात त्यात ऑइल कमी आणि धुळीचा चिखल जास्त असतो.

बाबांच्या ट्रॅक्टरला कसला होता? मी पाहिला. पांढरा, झोंबणारा. म्हणजे पंप, नोझल, फिल्टर एवढ्यापुरते निर्दोष. डिझेल आत पोचत होतं. आणि सेल्फ कसा फिरत होता? कान आहेत ना तुम्हाला? एकेक पिस्टन वर चढताना ऐकू येत होता, मोजता येत होता. निम्मं निदान तिथेच झालं.

पुढे मोजणी. तुमच्यातल्या एकाने मीटर लावला होता, हे मला मान्य आहे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले आणि तू मीटर बंद केलास. अरे, उभ्या बॅटरीवर १२.६ दिसले म्हणजे ती भरलेली आहे, एवढंच कळलं. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी पाहिली असतीस तर १२६० च्या वरच सापडली असती. तरी म्हणालास, "बॅटरी बदला." म्हणजे आकडा वाचलास आणि त्याच्या उलट वागलास. मग मीटर लावलास कशाला?

सेल्फ मारताना मोजायचं. बॅटरीच्या खुंट्यांवर साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर शंका. बाबांच्या जुन्या बॅटरीवर सेल्फ मारताना अकराच्या आसपास टिकत होते. इथे डोकं चालवायचं. सेल्फ मरगळल्यासारखा फिरतोय आणि बॅटरी मात्र दमलेली नाही, याचा अर्थ काय? याचा अर्थ करंट तिच्यातून पुरेसा निघत नाही, वाटेत कुठेतरी अडलाय. मग मीटरचं एक टोक मायनसच्या खुंटीवर ठेवायचं, टर्मिनलवर नाही, खुंटीवर. दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मला तिथे दोनाच्या वर मिळाले. बारा व्होल्टांतले दोन व्होल्ट नुसते अर्थच्या वाटेत जळत होते.

आणि मीटर नसता तरी चाललं असतं. दोनदा सेल्फ मारून अर्थच्या केबलच्या नटाला बोट लावलं असतं तरी चटका बसला असता. चांगला जोड गरम होत नाही.

नट सोडवला. खाली काय? चकचकीत लाल रंग. दसऱ्याला पूजेसाठी ट्रॅक्टर रंगवला, रंगाऱ्याने केबल सोडून चासिसवर दोन हात मारले आणि वाळल्यावर त्याच रंगावर केबल पुन्हा आवळून दिली. रंगाऱ्याला मी बोल लावणार नाही, त्याने डिझेल ट्रेड केलेला नाही. ऑक्टोबरात ऊन होतं, इंजिन हलकं होतं, तेवढ्या करंटवर भागत होतं. डिसेंबरात भागेना. पॉलिश पेपरने दोन्ही तोंडं घासली, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. खर्च शून्य. सेल्फ असा फिरला की बाबाच दचकले.

जुनी बॅटरी चांगली होती. तुम्ही दमडीची गरज नसलेली नवी घ्यायला लावलीत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

एवढ्यावर संपलं असं समजू नका. ऑइल कोणी पाहिलं? डिपस्टिक काढून पातळी पाहिलीत, ठीक. बोटावर घेऊन पाहिलंत? पहाटे ते काकवीसारखं ओघळत होतं. बाबांना विचारलं तेव्हा कळलं, ट्रॅक्टर ऑइल खातो म्हणून कोणीतरी सल्ला दिला आणि त्यांनी साधं ४० नंबर भरलं. डब्यावरच्या २० डब्ल्यू ४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा थंडीतल्या पातळपणाचा. जितका कमी तितकं गारठ्यात हलकं. म्हणून इंजिन बनवणाऱ्याने पुस्तकात चालतं असं लिहिलं असेल तर हिवाळ्याला १५ डब्ल्यू ४०. नुसत्या ४० मध्ये तो पहिला आकडाच नाही. दुपारी गुण येतो, पहाटे क्रँकशाफ्ट त्यात रुतून बसते.

आणि क्लच? सेल्फ मारताना क्लच दाबला होतात का? नाही, कारण 'न्यूट्रलमध्येच आहे ना सर.' न्यूट्रलमध्ये असला तरी गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरतोच, त्या घट्ट ९० नंबर ऑइलमध्ये. क्लच दाबला की तेवढं ओझं उतरतं. त्यातून मागे ब्लोअर जोडलेला, आणि पीटीओ लावलेलाच. म्हणजे एका सेल्फने तुम्ही इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्लोअरचा पंखा एवढी सगळी वरात ओढायला निघालात!

आता हिटर. या ट्रॅक्टरला हिटर प्लग आहेत हे तरी माहीत होतं का? डीआय हे नाव पुढच्या इंजिनांचं, डिझेल थेट पिस्टनवर पडणाऱ्यांचं. हे इंजिन त्याच्या आधीच्या पद्धतीचं. यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पडतं. त्या खोलीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिथे हिटर लागतो, हौस म्हणून बसवलेला नाही. किल्ली हिटरवर धरून पंधरा-वीस सेकंद थांबायचं, डॅशबोर्डवरची जाळी लाल झाली की सेल्फ. तुम्ही म्हणालात, "सर, तो कोणी वापरतच नाही." कोणी वापरत नाही, कारण तो बरीच वर्षं मेलेला आहे, आणि मेला आहे हे कोणी तपासलं नाही, कारण कोणी वापरत नाही. जुन्या दोन टोकांच्या प्लगांची जोडणी एकामागे एक असते. एक तुटला की सगळे गार. जाळी लाल होत नाही हीच त्याची खूण, समोर डोळ्यांपुढे. एकेक प्लगवर ओहम बघितला की तुटलेला सापडतो. सापडला. तो बाबांनी मागवलाय. आणि उद्या तुमच्यापुढे प्लगऐवजी मॅनिफोल्डवर थर्मोस्टार्ट असलेला ट्रॅक्टर आला, तर त्यात वायर तपासून थांबू नका. त्याच्या बारीक नळीतून डिझेलचे थेंब येतात का तेही बघा. तार लाल झाली आणि डिझेलच आलं नाही तर आत येणारी हवा तापवणार कोण?

डिझेलबद्दल दोन शब्द, कारण या खेपेला दोष तिथे नव्हता. आपल्याकडे पंपावरचं डिझेल ऋतूप्रमाणे बदलतं. ते गारठून फिल्टरमध्ये तुंबू लागण्याची मर्यादा हिवाळ्याच्या डिझेलला ६ अंश आहे, उन्हाळ्याच्या डिझेलला १८. आता ज्याने मे महिन्यात पिंप भरून ठेवलं आणि जानेवारीत तेच टाकीत ओतलं, त्याच्या फिल्टरमध्ये मेण साचलं तर नवल नाही. दुसरं, रात्री अर्धी रिकामी टाकी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी तळाला उतरतं. कामावरून आल्यावर टाकी भरायची, सकाळी वाटीचा स्क्रू ढिला करून पाणी सोडायचं. तिसरं, डिझेल खालून ओढून आणावं लागतं अशा ट्रॅक्टरांत रात्रभर उभं राहिल्यावर पाइपातलं डिझेल मागे उतरतं आणि हवा शिरते. ओळखायचं कसं? पहाटे हातपंपाने डिझेल वर आणून, एअर काढून मग सेल्फ मारा. लगेच उठला तर दोष जोडात. असा ट्रॅक्टर उन्हाळ्यातही रात्रभर उभा राहिला की त्रास देतो, म्हणून 'कधीपासून' हा प्रश्न विचारायचा असतो.

आणि आता तुमचं ते 'इंजिन काम'.

हा शब्द शेतकऱ्यासमोर उच्चारताना जीभ जड व्हायला हवी. इंजिन काम म्हणजे बाबांच्या एका बहाराचा पैसा, आणि ऐन द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर पंधरा दिवस गॅरेजात उघडा. बागेवर भुरीचा रोग येऊन बसेल तेव्हा तुम्ही येणार का पाठीवर पंप घेऊन? कॉम्प्रेशन गेज आपल्या कपाटात आहे. त्याच्या पेटीवर धूळ आहे. कोणीही तो नेला नाही. नोझल काढून गेज लावायचा, प्रत्येक सिलिंडर बघायचा, पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. सगळे सारखे असतील आणि पंचवीस किलोच्या पुढे असतील तर जुन्या इंजिनाला हात लावायचं कारण नाही. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. चमचाभर, वाटीभर नाही, नाहीतर पिस्टनवर ऑइल तुंबून कनेक्टिंग रॉड वाकेल. आकडा चढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि गेजच्याही आधी फीलर गेज. टॅपेट घट्ट असले तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. तासाभराचं काम. असं किती इंजिनांचं 'रिंग-पिस्टन' टॅपेटपायी झालं असेल या तालुक्यात, विचारायची सोय नाही.

बाबांच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मी मोजलं. तीन सिलिंडर ठीक, चौथा जरासा कमी, टॅपेट लावल्यावर तोही वर आला. ब्रीदरमधून वाफ थोडी आहे, वय झालंय. आणखी दोन-चार हंगाम निघतील. हे वाक्य ऐकताना बाबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता, पण तुम्ही तेव्हा चहाला गेला होतात.

आता जे बोलायचंय ते हसण्यावारी न्यायचं नाही.

पेटता बोळा. एअर क्लीनरच्या तोंडाशी जाळ धरलात. त्याच्या भांड्यात ऑइल असतं. शेडमध्ये मागे काय रचलेलं होतं, पाहिलंत? गंधकाची पोती. भुरीसाठी आणलेला गंधक. एक ठिणगी तिथे पडली असती तर त्या धुराने शेडमध्ये उभं राहणं मुश्कील झालं असतं, आग वेगळीच. आणि मिळवलं काय? जळत्या बोळ्याने हवेतला प्राणवायू आधीच खाल्ला आणि राख सिलिंडरमध्ये पाठवली.

फवारणीचा डबा. त्यात इथर असतं, ते डिझेलपेक्षा फार कमी उष्णतेला पेटतं. पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो आणि चढत्या पिस्टनला खाली ठोकतो. रिंगांचे कठडे तुटतात. हिटर चालू असलेल्या इंजिनात हे मारलं तर जाळ मॅनिफोल्डमधूनच तोंडावर येतो. या इंजिनाचे हिटर मेलेले होते म्हणून तुमच्या भुवया शाबूत आहेत. बाबांच्या इंजिनाच्या एका दोषानेच तुम्हाला वाचवलं; यात तुमचं कर्तृत्व नाही.

टोचन करताना मधे साखळी किती लांब होती, आणि मागच्या ट्रॅक्टरवर बसलेल्याला ब्रेक माहीत होते का, ते मी विचारत नाही. उत्तर मला ऐकवणार नाही.

सेल्फचं आणखी एक. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. तुम्ही एका दमात मारलात तसा मारत राहिलात तर आर्मेचरचा डाख वितळतो, आणि मग खरंच सेल्फ बदलावा लागतो. तेव्हा कार्डावर काय लिहिणार होतात, 'कारण : थंडी' म्हणूनच?

आणि हा शेवटचा. ए, तूच. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. किल्लीने सेल्फ उचलत नाही म्हणून सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट केलास. कुठे उभा होतास? मागच्या चाकाच्या पुढे, जमिनीवर. सीटवर कोणी नाही. गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री कोणी केली होती? तू नाही, तूही नाही. जुन्या ट्रॅक्टरला गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारा स्विच नसतो, असला तरी स्क्रूड्रायव्हर त्याला वळसा घालतो. त्या क्षणी इंजिन उठलं असतं आणि गिअर लागलेला असता, तर ट्रॅक्टरने तुला विचारलं नसतं की बाजूला होतोस का. चाक थेट पायावरून छातीवर चढतं. माणसं अशीच गेली आहेत, शेतात, शेडमध्ये, घरच्यांच्या समोर. तुझ्या आईला मी काय सांगायचं होतं? थंडी होती म्हणून?

पाणी पी. रडू नकोस. पण उत्तर दे, पुन्हा करशील?

ठीक.

उद्या पहाटे साडेपाचला तिघेही बाबांच्या वस्तीवर. मी येईन. नवी बॅटरी परत घेऊन दुकानदाराकडे जायची, त्याने घेतली तर बरं, नाही घेतली तर जी तूट येईल ती तिघांनी मिळून भरायची, ही शिक्षा नाही, हिशेब आहे. ऑइल बदलायचं ते दुपारी, इंजिन गरम असताना. नवा हिटर प्लग परवा येईल, तो बसवताना तूच हात लावायचास. उद्याच्या सेल्फला एकजण धुरांड्याजवळ, एकजण मीटरवर, एकजण सीटवर क्लच दाबून. पीटीओ आधी सोडवायचा.

कार्ड इथे ठेवा. 'कारण' या रकान्यातली थंडी खोडा, पांढरी शाई लावू नका, दिसू दे. खाली मोजलेले आकडे लिहा.

आणि तो स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेव. आत्ता.